टिकलीखालचं वर्ष

“तीन ट्यूब, आजी. एका वर्षात तीन. मी महिन्यातून दोनदा लावते, तेही कुठे लग्नबिग्न असलं तर,” स्मृती म्हणाली. “बाकीचं कोण लावतंय? बाबा?”

“माझ्याकडे का बघतेस?” भालचंद्र पेपर खाली न करता म्हणाला. “माझ्या तोंडाला साबण लागतो तेवढं पुष्कळ आहे.”

“तेच म्हणतेय मी. मग गेलं कुठे?”

डिसेंबरचा शेवटचा रविवार होता. बाहेर इतकं धुकं की माधवगंजच्या गल्लीतलं समोरचं किराण्याचं दुकानही दिसत नव्हतं. आत जेवणाच्या टेबलावर स्मृतीने बुटांचा खोका उपडा केला होता आणि वर्षभराच्या रिकाम्या ट्यूब, बाटल्या, डब्या पार भालचंद्रच्या चहाच्या कपापर्यंत घरंगळत गेल्या होत्या. दिवसा ती सिटी सेंटरमधल्या एका बँकेत काम करायची आणि संध्याकाळी फोनसमोर बसून क्रीम-पावडरीचे व्हिडिओ करायची. चार हजार माणसं ते बघत. वर्ष संपताना ती ‘साल के फेवरेट’ असा एक व्हिडिओ करी आणि त्याचा तिचा स्वतःचा एक नियम होता: जो खत्म हुआ, वही फेवरेट. तळाशी थेंब जरी उरला असेल तर ती वस्तू यादीत घ्यायची नाही. कंपन्या फुकट पाठवतात ते लोक तोंडभर वाखाणतात, मी वाखाणणार नाही, असं ती म्हणायची, आणि याच एका गोष्टीसाठी शरयूला आपल्या मुलीचं मनातून कौतुक होतं.

आत्ता मात्र शरयू स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि एकाच शेंगेतून तिसऱ्यांदा बोट फिरवत होती.

“सनस्क्रीन दोन, ठीक. काजळ, लिप बाम, फेस वॉश, ठीक,” स्मृती मोजत होती. “आणि कन्सीलर तीन. म्हणजे माझ्या नियमाने हा साल का नंबर वन झाला. और मुझे याद ही नहीं कि मैंने लगाया कब. देव दिवाळीला नवीन फोडली होती ही. चपटी झालीय.”

“ते असतं तरी काय?” उषाताईंनी विचारलं. त्या शरयूच्या सासूबाई, वय ऐंशी, कान तीस वर्षांच्या मुलीसारखे.

“डाग झाकायचं क्रीम, आजी. त्वचेच्या रंगाचं.”

“आपल्या घरात कुणाला डाग आहेत?” उषाताई म्हणाल्या, आणि मग आवाज जरा खाली आणून, “मधुला विचार. तुझ्या क्रीम-पावडरीची फळी तीच पुसते. दिवाळीत भाचीच्या लग्नाला गेली होती, तेव्हा बघितलंस ना तोंड? नुसतं चकचकत होतं.”

“आजी, असं नका बोलू.”

“मी कुठे काही बोलले? विचार, इतकंच म्हटलं. अकराला येईल ती. मी विचारते हवं तर.”

शरयूने घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा मिनिटं होती. मधु त्यांच्याकडे चौदा वर्षं भांडी घासायला येत होती. शरयूला तिचा स्वभाव ठाऊक होता. तिला कुणी असं विचारलं असतं तर ती भांडली नसती. हातातली भांडी घासून पुरी केली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नसती.

तिने मटाराची परात बाजूला ठेवली, हात धुतले, देवळीतल्या डबीतून कापूस काढला, त्यावर खोबरेल ओतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर आधी टिकली काढली आणि मग कपाळ पुसलं.

“मी लावते,” ती म्हणाली. “मधुला कुणी काही विचारायचं नाही.”

कापसावर बदामी रंग आला. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा पांढरा गोल होता, दुधासारखा पांढरा.

भालचंद्रने पेपर खाली ठेवला.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“मागच्या संक्रांतीपासून.”

“वर्ष झालं, शरयू.”

“हो. झालं ना.”

शरयू देवासहून या घरात लग्न होऊन आली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. या एकोणतीस वर्षांत तिच्या शृंगाराची सगळी मालमत्ता म्हणजे थंडीत निळ्या डबीतलं क्रीम, उन्हाळ्यात पावडर आणि बाराही महिने मरून टिकली. पाचवीच्या वर्गाला हिंदी आणि पर्यावरण शिकवायचं, घरी येऊन कणीक भिजवायची, उषाताईंच्या गुडघ्यांना तेल लावायचं, यात तोंडाकडे बघायला वेळ कुठला? मागच्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर टिकली काढून आरशाला चिकटवताना तिला तो पहिला ठिपका दिसला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तिने तो नखाने खरवडून पाहिला. मग ती न्हाणीघराच्या दाराला कडी लावून बराच वेळ पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून राहिली.

कोड. हा शब्द तिने तेव्हा मनातही पुरता उच्चारला नाही. तिच्या माहेरी शेजारच्या घरात एक बाई होत्या, त्यांच्या हातावर डाग होते. त्यांच्या दोन्ही मुली देखण्या होत्या. बघायला येणारी मंडळी चहा पिऊन जायची आणि परत यायची नाहीत. शरयू तेव्हा लहान होती, पण तो चहाचा ट्रे तिने पुष्कळदा पाहिला होता. आणि आता स्मृती सत्तावीस वर्षांची, राघवच्या घरची बोलणी पत्रिकेपर्यंत आलेली, आणि राघवची आई साधीसरळ असली तरी अशा गोष्टी विचारून घेणारी.

तेव्हा शरयूने काय केलं, तर मोठी टिकली लावायला सुरुवात केली. ठिपका वाढला की टिकली एक नंबर वर. चुडीवाल्याने चार नंबरचं पाकीट देताना, “क्या बात है भाभीजी, आजकल बड़ी बिंदी,” असं म्हटलं तेव्हा ती हसली होती. उषाताई तर खूष झाल्या. आता कशी भरल्या घरची सून दिसतेस, असं त्यांनी चारचौघींत सांगितलं. पुढे टिकलीच्या कडेबाहेर पांढरं दिसायला लागलं आणि एका सकाळी शरयूचा हात स्मृतीच्या फळीकडे गेला.

मायलेकींचा रंग एक होता, सगळे म्हणायचे. तो इतका एक आहे हे तिला त्या ट्यूबने कळलं. मुलीचे व्हिडिओ तिने आवाज बंद करून पाहिले. बोटाने चोळायचं नाही, टिपायचं. मग थांबायचं. मग पावडर. कुकरची शिटी व्हायच्या आत गॅसपासून दूर व्हायचं, कारण वाफेने ते फुटतं. वर्गात फळ्याकडे तोंड असताना घाम आला तर तळहाताच्या मागच्या बाजूने टिपायचा. त्या दिवसापासून तिने हे रोज केलं आणि कुणालाही, अगदी एका अंथरुणात झोपणाऱ्या माणसालाही, कळू दिलं नाही. झोपताना ती नवी टिकली लावूनच झोपायची.

“अगं, पण मला सांगायचंस ना,” भालचंद्र म्हणाला.

“सांगून तुम्ही काय केलं असतं?”

तो उठला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

उषाताईंनी पदर नीट केला. “हे बघा, घरातलं घरात राहू दे,” त्या म्हणाल्या. “हळदीकुंकू यंदा नको. माझे गुडघे दुखतात असं सांगता येईल. राघवच्या आईला बोलावलंय, ती कुंकू लावायला बोट टेकवेल आणि सगळं उघडं पडेल. लग्न होऊन जाऊ दे आधी.”

शरयूला गंमत वाटली. वर्षभर रात्रंदिवस तिला भीती होती ती नेमकी त्याच बोटाची. तीच गोष्ट सासूबाईंना सुचायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

स्मृती एवढा वेळ आईच्या कपाळाकडे अगदी जवळून बघत होती. “आई, तुला राग येणार नसेल तर एक सांगू?” ती म्हणाली. “तू मेरे से अच्छा ब्लेंड करती है.” आणि मग तिचे डोळे भरून आले. “उद्या संध्याकाळी जायचं डॉक्टरकडे. बँकेच्या मागेच आहेत, स्किनच्या. मी नंबर लावते. और अब कोई बहाना नहीं.”

सोमवारी शाळेतून परस्पर शरयू स्मृतीच्या स्कूटीवर मागे बसून गेली. थंडीने हात बधीर झाले होते. दवाखान्यात अठराव्या नंबरला त्यांचं नाव होतं. समोर मुरुमांनी बेजार झालेली कॉलेजची मुलं बसली होती आणि शरयू मफलर कपाळापर्यंत ओढून, एखादी गोष्ट चोरून आणल्यासारखी. स्मृतीने तिचा हात धरला नाही, फोनमध्ये बघत बसली, पण तिचा गुडघा सारखा हलत होता.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी दिवा मालवून निळसर उजेडाच्या बॅटरीने कपाळ पाहिलं. मग हात, कोपरं, ओठांच्या कडा, पायांची बोटं.

“रबर की चप्पल पहनती हैं?”

“नहीं. चमड़े की.”

“और कहीं दाग? घर में किसी को?”

“नहीं.”

“बिंदी दिखाइए. जो लगाती हैं.”

शरयूने पर्समधून पाकीट काढून दिलं. डॉक्टरीणबाईंनी एक टिकली सोलली, मागची बाजू उजेडात धरली, आणि ती शरयूच्या कपाळाजवळ नेली, चिकटवली नाही. टिकली पांढऱ्या गोलात नीट मावली, कडेने थोडी जागा उरली.

“इसका गोंद है,” त्या म्हणाल्या. “कुछ लोगों की स्किन का रंग खा जाता है. रोज़ लगाती हैं, सोते वक्त भी?”

शरयूने मान हलवली.

“साल भर से और बड़ी, और बड़ी?”

“हो,” शरयू म्हणाली. हिंदीत बोलायचं तिला सुचलंच नाही. “डाग झाकायला.”

डॉक्टरीणबाई थोड्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. हे घरात चालत आलेलं दुखणं नव्हे, मुलांकडे जाणारं नव्हे, बाकी अंग स्वच्छ आहे, त्यांनी एकेक करून सांगितलं. चिकटणारी बिंदी पूर्ण बंद. कुंकू नको, गंध नको, सहा महिने कपाळाला काहीही नको. एक मलम लिहून दिलं. रंग बहुतेक परत येईल, सावकाश येईल, थोडासा राहिला तरी त्याने काही बिघडणार नाही. आणि ते झाकायचं क्रीम रोज नको, त्वचेला जरा मोकळं सोडा.

“मुलांकडे जाणार नाही?” शरयूने पुन्हा विचारलं.

“नहीं जाएगा.”

“लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर असं सांगता येईल?”

“माताजी, मैं लिखकर दे दूँ?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या नंबरची घंटी वाजवली.

बाहेर आल्यावर शरयू पायरीवर बसली. तिला हसू येत होतं आणि ते थांबत नव्हतं. स्मृती घाबरली, मग तीही हसायला लागली. दवाखान्याचा चौकीदार दोघींकडे बघून लांब जाऊन उभा राहिला.

“वर्षभर, स्मृती,” शरयू म्हणाली. “चार नंबरचं पाकीट मी घासाघीस करून आणलं होतं गं. पाच रुपये कमी करून घेतले होते त्याच्याकडून.”

येताना त्यांनी तीळगुळाची गजक घेतली, गरम, आणि रस्त्यातच पुडी फोडून खाल्ली. शरयूने मफलर गळ्यात घेतला होता. थंड वारा कपाळाला लागत होता आणि ते तिला फार बरं वाटत होतं. वर्षभरात तिथे वारा लागला नव्हता.

घरी पोचल्यावर स्मृतीने सगळं सांगितलं. भालचंद्रने दोनदा “गोंद?” असं विचारलं आणि मग तो उठून आरशाला चिकटलेल्या टिकल्या एकेक काढू लागला. अकरा निघाल्या. उषाताईंनी देवापुढे साखर ठेवली. नंतर त्या बाहेर येऊन बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “बरं झालं बाई. पण सवाष्णीने सहा महिने मोकळं कपाळ? लोक काय समजतील? आणि हळदीकुंकवाला तर नाहीच. त्या दिवसापुरतं ते क्रीम लाव, वर बारीक कुंकू रेघेएवढं. डॉक्टरला काय कळतंय सवाष्णपण?”

“आई, मी समोर बसलोय,” भालचंद्र म्हणाला. “जिवंत आहे. लोकांना दिसेल.”

“तू गप्प बस. बायकांचं आहे हे.”

शरयूने पोळीचा डबा टेबलावर ठेवला, प्रत्येकाच्या ताटात भाजी वाढली आणि मग स्वतःची खुर्ची ओढली.

“हळदीकुंकू दरवर्षीसारखं होईल,” ती म्हणाली. “राघवच्या आईला मी उद्या स्वतः फोन करून सांगते, डागाचंसुद्धा सांगते. कुंकू मी सगळ्यांना लावीन, मला कुणी लावायचं नाही. कपाळ मी झाकणार नाही. आता जेवून घ्या.”