डांबरावर वाळत घातलेलं सोयाबीन

सुगीत मला माझ्या माणसांचा राग येतो. पन्नाशी जवळ आली, तरी हे कुणापाशी बोललो नाही. तुरीला पिवळी फुलं लागलेली असतात, ज्वारी वीतभर वर आलेली असते, उन्हाचा चटका सकाळपुरता तरी उतरलेला असतो, आणि नेमका तेव्हाच गावाकडून निरोप येतो की मळणीयंत्र आलंय, माणूस कमी पडून राहिला. वर्षातले तेवढेच दिवस मला आवडतात आणि तेवढेच त्यांना पाहिजे असतात. हिंगोलीतल्या नोकरीचं कारण सांगून मी ते टाळत आलो. खरं कारण असं, की त्या वेळी मी सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात पोहत असायचो.

दादा आणि मी एकमेकांशी बोलत नाही. विहिरीवरची मोटार कुणी जाळली यावरून सुरू झालं. मोटार बदलली, अबोला तसाच राहिला. पण अडत काही नाही. समोरासमोर बसलेलो असलो तरी दादा वहिनीकडं बघून म्हणतो, "इचार त्याला, जेवून जातो का." मीही वहिनीलाच म्हणतो, "सांगा त्याला, उशीर होतोय." वहिनी दोन्ही बाजूंचं ऐकते आणि ताट वाढते. आमच्या भागात असे भाऊ गल्लोगल्ली आहेत, आणि दर दोघांच्या मधे अशी एक बाई.

गेल्या आश्विनात धरणावर ट्रायथलॉन होतं. पोहणं, सायकल आणि पळणं, मधे न थांबता. डिसेंबरात परगावी याच्या दुप्पट अंतराची शर्यत होती, तिची ही तालीम. मी इथला म्हणून आयोजकांनी एक काम माझ्या गळ्यात घातलं. सुगीत लोक अर्ध्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात, गाड्या लांबून जाव्यात म्हणून कडेला दगड मांडतात. शर्यतीच्या सायकलीचं बारीक चाक त्या दाण्यांवर गेलं की माणूस आडवा. म्हणून वाटेवरच्या गावांत सांगून यायचं, की तेवढी एक सकाळ रस्ता मोकळा ठेवा.

पहिल्या गावात एका म्हातारीनं विचारलं, "मंग माल कुठं वाळवावा? तुमच्या टकलावर?" पुढच्या गावात त्याहून वाईट ऐकलं. शेवटचं गाव आमचं. तिथं गेलोच नाही. वहिनीला फोन करू म्हटलं, तोही केला नाही. उलट निरोप काय येणार ते ठाऊक होतं, आणि तो कानात घेऊन मला पाण्यात उतरायचं नव्हतं.

पाणी वर कोमट होतं, हातभर खाली गार. हात मारताना तोंड वळवलं की काठावरचं वाळलेलं गवत दिसायचं, ऊन पडून तांबूस झालेलं. सायकलवर बसलो तेव्हा अंगात दम शिल्लक होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तारेवर नीळकंठ. कुणी मला हाक मारत नव्हतं, कुणाचा निरोप नव्हता. एवढं सुख मला घरात कधी झालं नाही.

आमच्या गावाच्या वळणावर गर्दी दिसली. पुढं गेलेली एक मुलगी दाण्यांवरून घसरून पडली होती. गुडघा फुटला होता. आयोजकांपैकी एक जण सोयाबीनमधे उभा राहून दादावर ओरडत होता, "अक्कल आहे का? रस्ता काय बापाचा आहे?"

"रस्ता न्हाई," दादा म्हणाला, "पण दाणे माह्या बापाच्या रानातले हायेत. पाय काढ त्याच्यावरून."

त्या माणसानं मला पाहिलं. "सर, या गावात तुम्ही सांगितलं होतं ना?"

दादानं सवयीनं वहिनीकडं मान वळवली. "इचार त्याला, कव्हा सांगितलं?"

मी म्हणालो, "वहिनीला सांगितलं होतं. फोनवर."

वहिनीच्या हातातलं दंताळं तिथंच थांबलं. "मला? भावजी, कव्हा?"

तेवढ्यात दादा तिच्यावर उखडला. "काहून बोलली न्हाईस मंग? तोंडात मिठाची गुळणी धरली व्हती का?" सगळ्या गावासमोर, त्या चष्मेवाल्या पाहुण्यांसमोर. मी पॅडलवर पाय दाबला. मागं खराट्यांचा आवाज येत होता. स्वयंसेवक सोयाबीन रस्त्याकडेच्या नालीत लोटत होते, आणि नालीत आदल्या पावसाचा चिखल होता.

यापुढचं सांगायला जीभ अडते. त्यानंतरचं कालव्याच्या काठानं पळणं हा माझ्या त्या दिवसातला सगळ्यात चांगला भाग होता. पाय हलके पडत होते. मला वाईट वाटत नव्हतं. मी खोटं बोललो, वहिनीवर ढकललं, आणि मोकळा झालो होतो.

वाईट नंतर वाटायला लागलं, आणि मग ते थांबेना. दिवाळी उलटल्यावर गावी गेलो. वहिनी अंगणात सूप घेऊन सोयाबीनमधली माती-खडे निवडत होती. दादा बाजेवर.

"इचार," दादा तिला म्हणाला, "कशापायी आला."

मी सरळ त्याच्याकडंच बघून बोललो. "दादा, मी फोन केलाच नव्हता."

"ठावं हाय," दादा म्हणाला. "तिनं एकबी निरोप इसरला न्हाई आजवर."

"मग तिला का बोललास? लोकांत?"

"तुला कसं बोलावं? बोलतो का आपण?"

वहिनीनं सूप खाली ठेवलं. आधी दादाकडं पाहिलं. "म्हंजे तुमाला त्याच टायमाला ठावं व्हतं?"

"व्हय."

"अन् तुमी," ती माझ्याकडं वळली, "आता आलात. हितं, अंगणात, कुणी नसताना. त्या दिशी रस्त्यावर समदे व्हते, तव्हा जीभ झडली व्हती?" पदर खोचून ती उठली. "लई शाने भाऊ. ह्याच्यापुढं मला मधी घ्यायचं न्हाई. एकमेकाला गिळा न्हाईतर बोला."

ती आत गेली. दादानं बाजेवर कूस बदलली, पाठ माझ्याकडं केली. मी निघालो.

डिसेंबरातली लांबची शर्यत मी पूर्ण केली. त्यानंतर गावी दोन-तीनदा फोन लावला. वहिनीच उचलते. "ते रानात हायेत," म्हणते, आणि मी काही बोलायच्या आत ठेवून देते.