छत्तीसचा पप्पू, चव्वेचाळीसचा मुंजाजी

तुम्ही चहा घ्या, तोवर मी माझी अब्रू माझ्याच तोंडाने घालवतो. नाहीतरी अर्ध्या परभणीला हे कळलंय, तुम्हीच कशाला मागे राहता?

आम्ही काही मित्र दर रविवारी सकाळी जिंतूर रोडच्या बाजूच्या एका ग्राउंडवर बास्केटबॉल खेळतो. खेळतो म्हणजे पंधरा मिनिटं पळतो आणि पाऊण तास पोहे खातो. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या रफिकभाईच्या डोक्यात आलं की स्पर्धा घ्यायची. चार टीम. प्रत्येक टीममध्ये चार मित्र ठरलेले. खेड्यापाड्यांतून आणखी आठ जणांनी नावं दिली होती, ती कॅप्टनांनी पाळीपाळीने निवडायची, प्रत्येकी दोन. रफिकभाईचं टी-शर्ट छापायचं दुकान आहे, म्हणून नावनोंदणी त्याच्याकडे.

आमचा कॅप्टन दिलीप. बँकेत आहे, बदलीवर येऊन सहाच महिने झालेले, इथलं कोणी ओळखीचं नाही. मला म्हणाला, "सर, तुम्ही जाणकार. आठही जणांना ग्रेड देऊन टाका. तुम्ही म्हणाल त्याला उचलू."

जाणकार! अहो, मी शाळेत इतिहास शिकवतो. पहाटे उठून मोबाईलवर अमेरिकेतल्या मॅच बघायच्या आणि दिवसभर स्टाफरूममध्ये त्यावर बोलायचं, एवढाच माझा अभ्यास. पण समोरचा जाणकार म्हणतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणतो? तुम्ही म्हणाल?

बुधवारी रफिकभाईने यादीचा फोटो पाठवला. हाताने लिहिलेली, सगळ्या खेळाडूंची. नाव, गाव, फोन नंबर आणि पुढे एक आकडा. कुणाचा अडतीस, कुणाचा चाळीस. वर मथळा काही नाही. कशाला हवा? वय! दुसरं काय असणार?

आणि तेवढ्यात मला माझं नाव दिसलं. पुढे बेचाळीस.

बेचाळीस? मला? परवाच एकोणचाळीस पूर्ण झालीत! आरशासमोर गेलो, परत आलो, परत गेलो. शेवटी फोन लावला.

"रफिकभाई, माझ्या नावापुढचा आकडा चुकलाय."

"किती करू सर?"

आता एकोणचाळीस म्हणायचं ना? पण रागात माणूस प्रामाणिक राहतो का? म्हटलं, "छत्तीस."

"छत्तीस?" तिकडून कागद चाळल्याचा आवाज. "सर, पक्का? मला तर तुमाला बेचाळीसबी कमीच वाटायलंय. चव्वेचाळीस लिहिणार होतो."

"काय बघून?"

"पोट बघून, सर."

"पोटावर जाऊ नका! छत्तीस म्हणजे छत्तीस!"

"तुमची मर्जी. मला काय, मी छत्तीस करतो."

फोन ठेवला तर दारात बायको उभी. "छत्तीस का? मग आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतात म्हणायचं." आणि गेली आत.

मी लाल पेन काढलं आणि ग्रेडला बसलो. बसलो कुठला, खोलीभर फिरत होतो. एका नावाने लक्ष वेधलं. पप्पू वालूरकर, गाव वालूर, छत्तीस. यादीतला सगळ्यात तरुण! नावातच उसळी आहे हो. फोन केला तर कुणीतरी बाई म्हणाल्या, "पप्पू न्हाईत घरात, पळायला गेलेत." भर उन्हात सराव! मी शेरा मारला, 'अ अधिक. तरुण रक्त. टीमचं इंजिन.'

यादीच्या तळाला होता मुंजाजी, गाव झरी, चव्वेचाळीस. मला दया आली. म्हटलं, या गृहस्थांना आधीच सावध करावं.

"मुंजाजीराव, गुडघे कसे आहेत?"

"गुडघे?" पलीकडचा माणूस गोंधळला. मागे मेंढरांचा आवाज. "चांगले हायेत की सर. का?"

"या वयात जपावं लागतं. उड्या मारताना बेतानं."

"व्हय, माय बी तेच म्हनती."

"आई आहेत अजून? वा! काय वय त्यांचं?"

"आसंल की पंचेचाळीस."

मुलगा चव्वेचाळीसचा आणि आई पंचेचाळीसची! आता इथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? पेटली नाही. मी मनात म्हटलं, भला माणूस, हिशोबात कच्चा आहे. आणि शेरा लिहिला, 'ड. बाकावर बसवून टाळ्या वाजवायला उत्तम.'

शनिवारी दुपारी रफिकभाईच्या दुकानात निवड झाली. चिठ्ठी टाकली आणि पहिली निवड आमची निघाली! दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"पप्पू वालूरकर!" दिलीप म्हणाला.

एका कॅप्टनला ठसका लागला. दुसरा कॅप्टन बन्सी आमच्याकडे बघतच राहिला.

"सर, पक्का?" रफिकभाईने पुन्हा विचारलं.

"जळतात सगळे," मी दिलीपच्या कानात म्हटलं.

बन्सी तर असा ओरडला, "मुंजाजी!" की हातातला चहा त्याच्या पँटवर सांडला. मला बिचाऱ्याची कीव आली.

रविवार उजाडला. मी सहालाच ग्राउंडवर. एक मोटरसायकल आली आणि तिच्यावरून एक पोरगा उतरला. उतरतच होता, संपतच नव्हता! सव्वासहा फूट, छाती दाराएवढी, मिसरूड नुकतंच फुटलेलं. वाकून माझ्या पाया पडला.

"नमस्कार सर. मी मुंजाजी. गुडघे ठीक हायेत."

मागून एक जीप थांबली. तिच्यातून बाया, लेकरं, पेढ्यांचा पुडा, आणि शेवटी पांढऱ्या मिशांचे, हातापायाच्या काड्या झालेले साठीपुढचे एक गृहस्थ.

"सर कोनते?" म्हणत ते थेट माझ्याकडे आले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. "मी पप्पू. लहानपनीचं नाव, कुनी बदललंच न्हाई. सर, मी हौसेखातर नाव दिलतं. वाटलं, कुनी घेतलं न्हाई तर बघत बसू. अन् तुमी पहिला नंबर लावला! सगळ्या वालूरात पेढे वाटले." त्यांचे डोळे भरले होते. नातवंडं माझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती.

सांगा, अशा माणसाला काय सांगायचं? मी पेढा तोंडात टाकला.

तेवढ्यात रफिकभाईने टी-शर्टांचा खोका उघडला. माझा मी डोक्यातून घातला, आणि तो खांद्यावरच अडकला. खालीही येईना, वरही जाईना. हात आकाशाकडे, तोंड कापडात.

"रफिकभाई! हा कुणाचा टी-शर्ट दिलात?"

"तुमचाच सर! तुमीच म्हनलात ना, छत्तीस!"

"अहो, ते वय होतं!"

"वय?" रफिकभाईचा आवाज सगळ्या ग्राउंडला ऐकू गेला. "सर, छातीच्या मापाच्या यादीत वय कोन लिहितं?"

मी कापडाच्या आत होतो, हेच बरं होतं. बाहेर नुसता हशा. दिलीप हसत नव्हता, ते मला न बघताच कळलं.

माझी भीती एकच. पप्पूमामा. कसंबसं डोकं बाहेर काढलं, तर ते विचारात पडलेले.

"म्हंजे सर," ते हळूच म्हणाले, "तुमी मला छत्तीस वर्षांचा समजून घेतलं?"

"मामा, माफ करा..."

"आगं ए, ऐकलंस का!" त्यांनी बायकोला हाक मारली. "सर मला छत्तीसचा समजायलेत! अन् तू म्हनतीस म्हातारा झालाव!"

मग बन्सीच्या टीमशी आमची मॅच झाली. झाली म्हणजे मुंजाजीने केली. माझ्या डोक्यावरून बॉल तो असा उचलायचा, जसा कुणी फळीवरून डबा काढावा. मी अडवायला हात वर केले की टी-शर्टची शिवण उसवायची. प्रेक्षकांना बास्केटपेक्षा शिवणीत जास्त रस. पप्पूमामा मात्र बॉल घेऊन रिंगखाली आले की मुंजाजी बाजूला सरायचा. "टाका मामा, सावकाश टाका." मामांनी सात वेळा टाकला. सातव्यांदा गेला आत! आमचे त्या दिवसाचे तेवढेच गुण. वालूरच्या जीपवाल्यांनी असा जल्लोष केला की बाजूच्या शेतातली बगळ्यांची रांग उडाली.

यंदा पुन्हा स्पर्धा आहे. मी दिलीपला म्हटलं, मला काहीतरी काम द्या, घरात बसवत नाही. त्याने बराच विचार केला आणि मला उद्घाटनाला नारळ फोडायचं काम दिलं.

वर म्हणाला, "सर, नारळ मी निवडून आणतो. तुम्ही नुसता फोडा."