नेदरलँड्सच्या आधीचा ‘द’

मुळशी तालुक्यातल्या घोटावड्याला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. खोक्यांवर पत्ते चिकटवायचे, पॅकिंग लिस्ट टाइप करायची, गाडी भरली की गेटपास फाडायचा, हे माझं काम. शिकले शेजारच्या भरे गावातल्या मराठी शाळेत, पुढे पिरंगुटला बारावीपर्यंत. इंग्रजी आलं ते कामावरच, आलेली पत्रं वाचून वाचून. अक्षर मात्र पहिल्यापासून चांगलं, म्हणून पाहुणे यायचे असले की गेटजवळचा स्वागताचा फळा माझ्याकडेच येतो.

गेल्या वर्षी आमच्या सगळ्यात जुन्या परदेशी गिऱ्हाइकाकडून दोन माणसं येणार होती. आदल्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेबांनी मजकुराची चिठ्ठी दिली: ‘वेलकम टू अवर गेस्ट्स फ्रॉम हॉलंड’.

मी म्हटलं, “सर, हॉलंड नाही. ‘द नेदरलँड्स’ लिहायला पाहिजे.”

साहेब नागपूरकडचे. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत. “अहो, एकच आहे ते! आणि ‘द’ कशाला? आपण ‘द इंडिया’ म्हणतो का?”

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले, पण आतून चरफडले. कारण ‘द’ कशाला, हे मलाही सांगता येईना. पत्रांत तो असतो, एवढंच ठाऊक होतं.

जेवताना पॅकिंगमधल्या मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “सायबाच्या तोंडाला कशापायी लागतीस? त्यो म्हंतोय तसं लिव्ह अन् मोकळी हो. हितं कुनाला कळतंय?”

“येणाऱ्यांना कळेल ना, मावशी.”

“मंग कागद काढून दाव की त्याला. नुस्तं तोंडानं सांगून कोन ऐकतंय?”

हे मात्र मला पटलं. डबा तसाच झाकला आणि फायलींचं कपाट उघडलं. गिऱ्हाइकाचं एकेक पत्र काढून वाचलं. पत्त्यात नुसतं ‘नेदरलँड्स’ चालत होतं, पण वाक्यात आलं की दर वेळी आधी ‘द’. हॉलंड एकदाही नाही. मग मोबाइलवर शोधलं. नेदर म्हणजे खालचं, लँड्स म्हणजे जमिनी. सखल जमिनी मिळून झालेला एक देश, नावच अनेकवचनी, म्हणून त्याच्या आधी ‘द’, जसा ‘द युनायटेड स्टेट्स’च्या आधी. हॉलंड हा त्या देशाचा फक्त पश्चिमेकडचा एक भाग. आमचं गिऱ्हाईक तर पार उत्तरेच्या टोकाला.

चार पत्रांवर पेन्सिलीनं खुणा करून ती मी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि ‘द’चं कारणही सांगितलं. त्यांनी पहिलं पत्र उभ्यानं वाचलं, बाकीची खुर्चीत बसून.

“लिहा मग,” ते म्हणाले. “पण पाहुण्यांनी काही विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं.”

दुसऱ्या दिवशी गाडीतून एक उंच, पिकल्या केसांच्या बाई उतरल्या आणि त्यांच्यामागून एक तरुण इंजिनिअर. बाई फळ्यापाशी थबकल्या. सोबत्याची बाही ओढून त्यालाही वाचायला लावलं. “हे कोणी लिहिलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

“मी उत्तरेकडची,” बाई म्हणाल्या. “पण जाईन तिथे लोक मला हॉलंडची करून टाकतात.”

मीही इंग्रजीतच म्हणाले, “हॉलंड इज ओन्ली अ पार्ट, मॅडम. युवर कंट्री इज द नेदरलँड्स.”

बाई मोठ्यांदा हसल्या. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मला फळ्याशेजारी उभं करून फोटो काढला. मग विचारलं, “आणि हे पुणे ना?”

“नाही मॅडम, हे मुळशी.”

त्या ‘मुल्शी’ म्हणाल्या. मी जीभ वळवून ‘ळ’ करून दाखवला. तिसऱ्या खेपेला त्यांना तो जमला, तेव्हा वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी पॅकिंगच्या दारातून ओरडल्या, “जितलीस की गं बाय!”

त्या दिवशी मी जमिनीवर चालत नव्हते.

पुढच्या सोमवारी साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. हातात मनिलाला जाणारं पत्र होतं. “पाठवायच्या आधी एकदा नजर टाका,” ते म्हणाले. त्यात फिलिपिन्सच्या आधीचा ‘द’ राहिला होता. मी त्यांना शेजारची खुर्ची दिली, लाल पेन उघडलं आणि तो कुठे आणि का येतो, ते सावकाश समजावून सांगितलं.