तांबड्याकडं सरकलेल्या रेषा

“दीर्घिकासुद्धा हिच्यापासून लांब पळतात म्हणते. मग आपण पळालो तर काय चुकलं?”

सर बोलले आणि अख्खा वर्ग हसला. मी फळ्यापाशी उभी. हातात खडू. सत्तरच्या दशकातली गोष्ट, सोलापुरातलं कॉलेज, माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष. वर्गात आमच्या जातीची मी एकटी. प्रॅक्टिकलला माझ्या टेबलाशी कुणी उभं राहायचं नाही. सरांना ते ठाऊक होतं. म्हणून तर तो विनोद.

मी सांगत होते ते साधं होतं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह. त्यांचा प्रकाश वर्णपटात पसरला की त्यातल्या काळ्या रेषा ठरल्या जागी सापडत नाहीत. तांबड्या बाजूला सरकलेल्या असतात. दीर्घिका जितकी दूर, तितकी रेषा जास्त सरकलेली. म्हणजे विश्व पसरतंय.

पुढचं सांगायचं राहिलं. खडू ठेवला. खाली बसले.

ते हसणं मागं लागलं. नळावर हंडा भरताना ऐकू यायचं. जेवताना घास नुसता तोंडात फिरायचा. आई विड्या वळत बसलेली असायची. एकदा तिला सगळं सांगितलं.

“मग तू काय म्हनलीस?”

“काय न्हाय.”

“का? तुला येत न्हवतं व्हय?”

“येत होतं की.”

पान कापायची कात्री थांबवून आई माझ्याकडं बघत राहिली. ते बघणं त्या हसण्यापेक्षा वाईट.

पुढच्या तासाला मी न विचारता उठले. सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी नेली होती, तिच्यावर चुन्याचे ठिपके. सर म्हणाले, “बस खाली. तुझं झालंय.”

“न्हाय झालं सर. अर्धं राहिलंय.”

पट्टी ताणली. ठिपके एकमेकांपासून लांब गेले. म्हटलं, “ह्यातल्या कुठल्याबी ठिपक्यावर उभं राहा. बाकीचे सगळे आपल्यापासून पळतायत असंच दिसंल. माझ्यापासून पळतात, तसेच सरांपासूनबी पळतात. विश्वाला मधली जागा न्हाय. ती कुनाचीच न्हाय.”

कुणी हसलं नाही. टाळीही कुणी वाजवली नाही.

व्हरांड्यात सरांनी गाठलं. “मार्क माझ्या हातात आहेत. विसरू नकोस.”

“मार्क तुमच्या हातात, सर. तोंड माझं हाय.”

मार्क कापलेच. फर्स्ट क्लास गेला. ते हसणं मात्र गेलं नाही. आज केस पिकले तरी भरदुपारी, चार माणसांत, मधूनच कानात उठतं. अंगावर काटा येतो.

येऊ दे. मी परत खाली बसणार नाही.