अनामिकेचं नख

आमच्या शाळेतल्या क्लार्कनं उजव्या हाताची नखं कशासाठी वाढवली होती, ते गावात फार कुणी विचारलं नाही. ती फ्लामेंको नावाच्या स्पॅनिश गिटारवादनासाठी होती. हा थोर कलावंत येडगावात पंगतीला चमच्यानं जेवायचा आणि मीटिंगमध्ये काडेपेटीच्या कडेवर नखं घासायचा. मी बोलू लागलो, की त्याची बोटं टेबलावर ट्रेमोलो, म्हणजे गिटारचा सूर अखंड थरथरता ठेवणारी चाल, धरत: अंगठा, तर्जनी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा तर्जनी. मुख्याध्यापकाच्या भाषणाला इतकी अखंड साथ दुसरीकडे कुठे मिळणार!

स्नेहसंमेलनात तो पहिल्यांदाच वाजवणार होता. त्या दुपारी पाहुण्यांना एसटीतून उतरवून घ्यायला आम्ही दोघं आळेफाट्याला निघालो आणि वाटेत माझ्या मोटारसायकलची चेन उतरली. माझे कपडे पांढरे, त्यामुळे चेन कुणी बसवायची हा प्रश्नच नव्हता. त्यानं आधी डाव्या हातानं खटपट केली, मग नाइलाजानं उजवा घातला. अनामिकेचं नख मुळापासून तुटलं.

"चला सर, पावणं ताटकळलं असतील," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी त्यानं वाजवायला नकार दिला. सरपंच ओरडले, "भ्यालं राव! आता चमच्यानं वाजव की!" सगळं मैदान हसलं. खरं कारण मला ठाऊक होतं आणि माईक माझ्याच हातात होता. मीही हसलो.

गाव आजही त्याला पळपुटा म्हणतं. तो भ्याला नव्हता. त्या हशातही तो माझ्या शेजारीच बसला होता. त्याची बोटं मांडीवर चालूच होती, अनामिका तेवढी वर धरलेली.