रिकाम्या डब्याची अट

कुठलाही छापील कागद हाती आला की जुळारीकाका आधी कोरी जागा बघत, मजकूर मागाहून. देवासच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस घरच्या कॉम्प्युटरवर आज्ञा लिहून पानं जुळवी, म्हणून हे नाव. आमच्या धरणग्रस्तांच्या आंदोलनाची पत्रकं ते फुकट करत. वर शेरा: "उद्गारचिन्हं कमी कर रे भिया. ओरडलास की लोक कान झाकतात."

त्या आज्ञांतला मॅक्रो म्हणजे काय, हे त्यांनी मला काकूंच्या फडताळापुढे उभं करून शिकवलं. "हा लेबल लावलेला डबा. नाव, गाव, पती किंवा वडील. डबा रिकामा आहे का, हे कॉम्प्युटर बघतो. रिकामा असला तर काय करायचं, ते आपण सांगायचं. तिथंच आपली अक्कल कळते."

आणि तिथंच काका चुकले. धरमपुरीकडच्या, धरणात बुडणाऱ्या घरांची यादी आम्ही सरकारी सुनावणीत देणार होतो. यादीत नसेल त्याचं ऐकणार नाही, असं साहेबानं बजावलं होतं. काकांनी मराठी समाजाच्या कुटुंबसूचीसाठी पूर्वी लिहिलेली अट तशीच उचलली: पती-वडिलांचा डबा रिकामा, तर फॉर्म अर्धवट, नोंद गाळ.

कच्ची प्रत मी गावात वाचून दाखवली. सजनबाईनं नवऱ्याचं नाव मुद्दामच दिलं नव्हतं. टाकून गेलेल्याचं कशाला, म्हणे. "म्हारो नाम कां हे, भिया?" नव्हतं. तिच्यासकट सहाजणींचं नव्हतं.

मी तडक देवास गाठलं आणि तोंड सोडलं. "सरकार गाळतं ते कमी होतं का?"

काकांनी चष्मा पुसला. "चूक माझी."

सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती. मी म्हटलं, सहा नावं खाली हातानं लिहू.

काका कडाडले, "बायांना तळाशी बसवतोस? अट बदलतो. डबा रिकामा, तर 'पती' हा शब्द गाळायचा. बाई नाही!" अख्खी यादी त्यांनी नव्यानं जुळवली आणि एकेक फॉर्म तिच्याशी ताडून पाहिला.

सुनावणीत साहेबानं "सजनबाई" एवढंच वाचलं आणि तो अडला. "किसकी?"

ती उभी राहिली. "म्हारी खुद की. अब बोलूं?"

काका गेल्यावर काकूंनी मला त्यांची फ्लॉपी दिली. त्या अटीच्या डोक्यावर टक्क्याचं चिन्ह घालून त्यांनी एक ओळ लिहून ठेवली होती. टक्क्यापुढचं कॉम्प्युटर वाचत नाही, छापतही नाही. "रिकाम्या डब्यापायी माणूस गाळू नये. मी गाळला होता."

म्हणून ती ओळ मी इथं छापतो आहे.