आप्पासोनं डॉक्टर केलेली भाची

जतमधला आप्पासो नेमकं काय करतो, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. बारावी दोन खेपांत. मेंढरं धाकट्या भावानं राखायची, ज्वारी भावजयीनं काढायची आणि यानं पांढरा शर्ट घालून लोकांचं अभिनंदन करायचं. कुणाचं पोरगं पोलिसात लागलं की दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर फ्लेक्स. त्यात पास झालेल्याचा फोटो टपाल तिकिटाएवढा आणि शुभेच्छुक आप्पासो कमरेपर्यंत. तीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करतो. इतका रिकामा माणूस दुसरा पाहिला नाही.

गेल्या वर्षी त्याची भाची सोनिया विज्ञान शाखेतून बारावी झाली. एकोणसाठ टक्के. मिरजेला बी.एस्सी. करावं, जतमध्येच कापडदुकानात लागावं, की साताऱ्याच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जावं, असा प्रश्न होता. तिनं तो स्वतः सोडवला. कारखान्याची परीक्षा दिली, निवड झाली. तीन वर्षं काम, विद्यावेतन, शेवटी डिप्लोमा. शनिवारी सकाळी नऊला कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला.

बुधवारी स्टँडवर फ्लेक्स लागला : 'भावी डॉक्टर कु. सोनिया हिचे हार्दिक अभिनंदन.' वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा पोरीनं दिलीच नव्हती. पण विज्ञान म्हणजे डॉक्टर, एवढंच मामाचं ज्ञान. आणि फ्लेक्सवर छापलेलं मागं घ्यायचं म्हणजे भावकीत तोंड दाखवायची चोरी. म्हणून शुक्रवारी स्वारी माझ्यापुढं येऊन बसली.

"सायेब, सोनियाचा दाखला देऊ नका. ती मिरजंला जाणार. आदी बी.एस्सी., मग डॉक्टर."

"बी.एस्सी. करून डॉक्टर होत नाही."

"व्हतंय वो. वळख लागती."

तेवढ्यात सोनिया आणि तिची आई हरणाबाई आल्या. पोरीच्या हातात मोठी बॅग होती.

"मामा, तुमी हितं?"

"तुज्याच कामाला आलोय. कारखान्यात नटबोल्ट आवळणार व्हय गं? लोक मला काय म्हणतील?"

"मला काय म्हणत्यात ते इचारा की. काल शेजारचे हरिबातात्या गुडघ्याचं औषध मागत हुते."

सगळं कार्यालय हसलं. आप्पासोही हसला, त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

"एक वरीस थांब. मी मोठ्या माणसाशी बोलतो."

"तुमच्याच पोराला, बिराप्पादादाला, नोकरीसाठी आसंच तीन वर्सं थांबवलंसा. आता त्यो पाण्याच्या टँकरवर हाय."

मग त्यानं ठेवणीतलं काढलं. "सायेब, प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून माजी सही हाय. मी सही दिल्याबिगर दाखला निघत न्हाई."

मी रजिस्टर उघडलं. "जन्म अकरा एप्रिल. अठरा पूर्ण झाली. आता पालकाची सही लागत नाही."

सोनियानं सही केली. मी दाखला तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचून खांद्यावरच्या पिशवीत ठेवला.

हरणाबाई भावाकडं वळल्या.

"आप्पा, अडीचची गाडी हाय. बॅग उचल. तेवढं तर जमंल?"

त्यानं उचलली. पांढऱ्या शर्टाला डाग लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून, तिरका होत तो फाटकापर्यंत गेला. तिथं ती पोरीनंच घेतली.